युद्धात बूट शिवून घेणंही अवघड का होतं? चामडं, रबर आणि झिजलेल्या सोलची गोष्ट

रविवार, ७ फेब्रुवारी १९४३. अमेरिकेतली दुकानं बंद होती. त्याच दिवशी सरकारने जाहीर केलं, की मंगळवारपासून चामड्याचे बूट फक्त रेशनच्या कुपनवर मिळतील. माणशी वर्षाला तीन जोड, त्याहून जास्त नाही. लोकांनी धावत जाऊन बूट साठवू नयेत म्हणून घोषणेसाठी मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडला होता.

ब्रिटनने हेच पावणेदोन वर्षं आधी केलं होतं. १ जून १९४१ला, तेही रविवारीच, तिथे कपडे आणि पादत्राणांचं रेशनिंग सुरू झालं.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल बोलताना साखर, लोणी, पेट्रोल यांच्या टंचाईचा उल्लेख हमखास होतो. बुटांचा फारसा होत नाही. पण कामावर, शाळेत आणि रेशनच्या रांगेत पोहोचायला पायात काहीतरी हवंच होतं. नवीन बूट मिळत नसतील तर जुने दुरुस्त करा, असं सरकारं सांगत होती. अडचण अशी होती, की दुरुस्तीला जे सामान लागतं तेच सामान लष्करालाही हवं होतं.

ही टंचाई नेमकी कशामुळे निर्माण झाली? लोकांनी त्यातून काय मार्ग काढले? आणि त्याची किंमत कोणी मोजली?

बूट दुरुस्तीला नेमकं काय लागतं?

बुटाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पाय झाकणारा वरचा भाग आणि जमिनीला टेकणारा सोल. नीट वापरला तर वरचा भाग बरीच वर्षं टिकतो. झिजतो तो सोल आणि टाच. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा नवा सोल किंवा नवी टाच बसवणं.

१९४०च्या दशकात त्यासाठी पुढच्या गोष्टी लागायच्या:

- सोलसाठी जाड, टणक चामडं किंवा रबर
- मेण लावलेला मजबूत दोरा
- बारीक खिळे आणि टाचेला ठोकायच्या लोखंडी पट्ट्या
- चिकटवण्यासाठी रबरापासून बनवलेलं सोल्युशन

ही यादी एखाद्या लष्करी भांडार अधिकाऱ्याच्या हातात दिली असती, तर त्याने प्रत्येक वस्तूवर खूण केली असती. चामडं सैनिकांच्या बुटांना, पट्ट्यांना आणि खोगिरांना लागत होतं. रबर टायरना, दोरा तंबू आणि गणवेशांना, तर लोखंड जवळपास सगळ्यालाच.

चामडं कुठे गेलं?

चामडं जनावरापासून मिळतं, मग युद्धात ते एकदम कमी कसं पडतं? याचं उत्तर सोलच्या चामड्याच्या स्वरूपात आहे.

सोलसाठी कुठलंही कातडं चालत नाही. मोठ्या जनावराच्या पाठीकडचा जाड, घट्ट भाग त्यासाठी उत्तम समजला जातो. हे कातडं पारंपरिक पद्धतीने झाडांच्या साली आणि फळांमधल्या टॅनिनमध्ये कमवायला कित्येक महिने लागतात. म्हणजे मागणी अचानक दुप्पट झाली, तरी पुरवठा लगेच वाढवता येत नाही.

शिवाय कातडं हे मांसाच्या धंद्याचं उपउत्पादन आहे. बुटांना मागणी आली म्हणून कोणी जास्त जनावरं कापत नाही. ब्रिटन आणि अमेरिका बाहेरून, विशेषतः दक्षिण अमेरिकेतून, कातडी आयात करत होते. युद्धात जहाजं सैन्य आणि शस्त्रं वाहण्यात गुंतली, शिवाय अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांचा धोका होता. आयात अवघड होत गेली.

दुसरीकडे सैन्यं फुगत होती. सैनिकाचा बूट घरगुती बुटापेक्षा जड असतो, त्याला चामडं जास्त लागतं आणि तो लवकर झिजतो. साहजिकच जाड आणि चांगल्या प्रतीचं चामडं आधी लष्कराकडे जायचं. नागरी वापराच्या वाट्याला उरलंसुरलं, पातळ चामडं येत असे.

आणि रबर?

चामडं नाही तर रबराचा सोल लावा, हा सोपा उपाय वाटतो. तो मार्गही १९४२च्या सुरुवातीला बंद झाला.

डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. मलाया आणि त्यापाठोपाठ डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जपानच्या ताब्यात गेले. अमेरिकेला मिळणारं जवळपास ९० टक्के नैसर्गिक रबर याच भागातून येत होतं.

गरज मात्र प्रचंड होती. एका शर्मन रणगाड्याला सुमारे अर्धा टन रबर लागायचं. प्रत्येक अमेरिकन सैनिकामागे पादत्राणं, कपडे आणि साहित्य मिळून ३२ पौंड, म्हणजे साधारण साडेचौदा किलो रबर खर्च होत होतं.

जून १९४२मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी रेडिओवरून लोकांना घरातलं जुनं रबर जमा करायचं आवाहन केलं. जुने टायर, बागेचे पाईप, रेनकोट, हातमोजे आणि रबरी बूट असं सगळं पेट्रोल पंपांवर गोळा झालं. पौंडाला एक सेंट मिळत होता. काही आठवड्यांत सुमारे साडेचार लाख टन रबर जमलं. पण वापरलेल्या रबरावर पुन्हा प्रक्रिया करून केलेला माल नव्या रबराइतका टिकाऊ नसतो.

इथे एक दुष्टचक्र सुरू झालं. रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत टायर आणि नंतर पेट्रोलवर रेशनिंग आलं. ब्रिटनमध्ये जुलै १९४२पासून खासगी गाड्यांसाठीचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद झाला. गाड्या थांबल्या, लोक पायी चालू लागले. चालणं वाढलं तसे बुटांचे सोल जास्त झिजू लागले. म्हणजे टायरचं रबर वाचवताना सोलची गरज वाढत गेली.

रेशनिंगचे नियम कसे होते?

ब्रिटनमध्ये सुरुवातीला प्रत्येकाला वर्षाला ६६ कुपनं मिळाली. त्यातच वर्षभराचे सगळे कपडे आणि बूट बसवायचे होते. पुरुषांच्या बुटांना ७, बायकांच्या बुटांना ५ आणि लहान मुलांच्या बुटांना ३ कुपनं पडायची. पुढे कुपनांची संख्या कमी होत गेली.

काही वस्तू मात्र या नियमातून वगळल्या होत्या. शिवणाचा दोरा, रफूची लोकर, बुटाच्या लेस आणि जुने, वापरलेले कपडे-बूट यांना कुपन लागत नव्हतं. लाकडी तळाच्या क्लॉग्जनाही सुरुवातीला सूट होती. लोकांनी नवीन घेण्यापेक्षा जुनं टिकवावं, हा सरकारचा हेतू या यादीतून स्पष्ट दिसतो.

अमेरिकेत बुटांसाठी वेगळं पुस्तक छापलेलं नव्हतं. साखरेसाठी वाटलेल्या पहिल्या रेशन पुस्तकातला १७ क्रमांकाचा शिक्का बुटांसाठी वापरायचा, असं ऐनवेळी ठरलं. ब्रिटनमध्येही पहिली कुपनं म्हणून मार्गारीनची जादा कुपनं वापरली गेली. नवी पुस्तकं छापायला घेतली असती, तर बातमी आधीच फुटली असती.

चामडं वाचवण्यासाठी बुटांच्या रूपावरही बंधनं आली. अमेरिकेत रंग चारच उरले: काळा, पांढरा आणि तपकिरीच्या दोन छटा. दोन रंगांचे बूट आणि सुमारे २.६ इंचांपेक्षा उंच टाचा बंद झाल्या. केवळ शोभेसाठी लावलेल्या चामड्याच्या पट्ट्याही गेल्या.

सगळ्यात जास्त अडचण कोणाची झाली?

कागदावर रेशनिंग सगळ्यांना सारखं होतं. प्रत्यक्षात तसं नव्हतं.

ज्यांच्या कपाटात युद्धाआधीचे चार-पाच चांगले जोड होते, त्यांना काही वर्षं निभावून नेता आली. ज्यांच्याकडे एकच जोड होता, त्यांना तो दुरुस्तीला टाकायचीही सोय नव्हती. बूट दुकानात असेपर्यंत घालायचं काय?

दुसरा प्रश्न मुलांचा. मोठ्या माणसाचा बूट झिजतो, पण मुलाचा बूट झिजण्याआधीच लहान होतो. सोल बदलून पाय वाढायचा थांबत नाही. त्यामुळे अमेरिकेत एकाच घरातल्यांना एकमेकांची कुपनं वापरायची मुभा होती. अनेक घरांत आई-वडिलांची कुपनं मुलांच्या बुटांवर खर्च होत. ब्रिटनमध्ये वयाच्या मानाने उंच किंवा मोठ्या पायांच्या मुलांना जादा कुपनं दिली गेली. महिलांच्या स्वयंसेवी संघटनेने मुलांचे कपडे आणि बूट अदलाबदल करण्याची केंद्रं चालवली. लहान झालेला जोड द्यायचा आणि त्या बदल्यात मोठ्या मापाचा घ्यायचा.

‘आहे तेच टिकवा’ हा सल्ला किती उपयोगी होता?

ब्रिटनच्या व्यापार मंडळाने १९४३मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि फाटलं तर शिवा, असा त्याचा अर्थ. या मोहिमेचा बराच भाग कपड्यांबद्दल होता, पण बुटांची निगा हाही त्यातला विषय होता.

बुटांच्या निगेचे नियम साधे आहेत आणि आजही तेवढेच खरे आहेत. ओले बूट विस्तवाजवळ वाळवू नयेत, चामडं कडक होऊन तडकतं. त्यात कागद भरून सावलीत सुकवावेत. दोन जोड असतील तर आलटून-पालटून घालावेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोलला भोक पडेपर्यंत थांबू नये. बाहेरचा सोल पूर्ण झिजला, की आतला तळ आणि शिलाईची कड खराब होते. मग जो बूट एका तुकड्यात सुधारला असता, त्याला दुप्पट सामान लागतं.

सल्ला योग्य होता, पण त्याला मर्यादा होती. वेळेवर दुरुस्ती करायची तर दुरुस्ती करणाऱ्याकडे चामडं हवं आणि दुकानात माणूसही हवा. अनेक तरुण कारागीर सैन्यात किंवा युद्धसाहित्याच्या कारखान्यांत गेले होते.

लोकांनी कोणते पर्याय शोधले?

*लाकूड:* सर्वाधिक वापरला गेलेला पर्याय हाच. जर्मनीच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये जानेवारी १९४१पासून बूट रेशनवर आले आणि लाकडी सोलचे बूट सर्रास दिसू लागले. आपल्याकडच्या खडावा ज्यांनी पायात घातल्या आहेत, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. लाकूड वाकत नाही, त्यामुळे चालताना टाच उचलली की पाय निसटतो. त्यावर उपाय म्हणून सोलला आडव्या चिरा पाडल्या गेल्या किंवा तो दोन-तीन तुकड्यांत करून जोडला गेला. खटखट आवाज मात्र गेला नाही. पॅरिसच्या रस्त्यांवरचा हा आवाज इतका ओळखीचा झाला, की गायक मॉरिस शेव्हालिए यांनी लाकडी सोलवर गाणंही गायलं.

*बूच:* इटलीने इथिओपियावर आक्रमण केल्यावर १९३५मध्ये राष्ट्रसंघाने त्या देशावर आर्थिक निर्बंध लादले. बुटाच्या कमानीला आधार देणारी चांगली पोलादी पट्टी मिळेना. फ्लॉरेन्समधले बूट कारागीर साल्वातोरे फेरागामो यांनी टाच आणि सोल यांमधली पोकळी सरळ बुचाने भरून टाकली. मग पोलादाची गरजच उरली नाही. आज दुकानात ‘वेज हील’ म्हणून मिळणारी चप्पल या टंचाईतून लोकप्रिय झाली.

*माशाचं कातडं:* नॉर्वेमध्ये बुटांच्या वरच्या भागासाठी माशांची कातडी कमावून वापरली गेली.

*टायर:* जुन्या टायरचा तुकडा कापून केलेला सोल चामड्यापेक्षा जास्त टिकतो. व्हिएतनाममध्ये आधी फ्रेंचांशी आणि नंतर अमेरिकनांशी लढणारे सैनिक ट्रकच्या टायरपासून केलेल्या चपला घालत. त्यातल्या पट्ट्या ट्यूबच्या असत. महाराष्ट्राच्या खेड्यांतही टायरच्या चपला अनेकांनी वापरल्या आहेत. तिथे कारण युद्धाचं नव्हतं, गरिबीचं होतं.

सोलची चाचणी, कैद्यांच्या पायांवर

नाझी जर्मनीत चामड्याला पर्याय शोधण्याचं काम सरकारी पातळीवर चालू होतं. कृत्रिम रबर आणि प्लास्टिकचे सोल तयार होत होते. ते किती टिकतात, हे पाहण्यासाठी चालून बघणारी माणसं हवी होती.

बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेन छळछावणीत १९४०मध्ये त्यासाठी खास मार्ग बांधला गेला. सुमारे ७०० मीटर लांबीच्या या वर्तुळाकार मार्गावर काँक्रीट, खडी, वाळू, चिखल, सुटे दगड असे वेगवेगळे पट्टे होते. कैद्यांना नवनव्या सोलचे बूट घालून त्यावर दिवसाला ४० किलोमीटरपर्यंत चालवलं जायचं. अनेकदा मापाचे बूट दिले जात नसत, पाठीवर ओझं लादलं जाई. उपाशी, आजारी माणसं कोसळत आणि मरत. बूट बनवणाऱ्या आणि कच्चा माल पुरवणाऱ्या कंपन्यांना या चाचण्यांचे निष्कर्ष मिळत होते.

ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यूंची हत्या केल्यावर त्यांच्या पायातले बूटही गोळा केले जात होते. लुब्लिन शहराजवळच्या माइदानेक छावणीत इतर छावण्यांतून आलेले बूट साठवून दुरुस्त केले जात. जुलै १९४४मध्ये सोव्हिएत सैन्य तिथे पोहोचलं, तेव्हा त्यांना बुटांचे प्रचंड ढीग सापडले. आज संग्रहालयांत दिसणारे ते बूट हत्याकांडाचा पुरावा आहेत. नाझी यंत्रणेच्या लेखी मात्र तो फक्त टंचाईच्या काळातला कच्चा माल होता.

भारताचा या टंचाईशी काय संबंध?

संबंध दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचा आहे. मद्रास आणि मुंबईतून अर्धवट कमावलेली गाईची कातडी मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला जात. व्यापारात त्यांना ‘ईस्ट इंडिया किप्स’ म्हणत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांचा वरचा भाग बनवायला हेच चामडं वापरलं गेलं. १९१६पासून सरकारने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणून माल लष्करासाठी ताब्यात घ्यायला सुरुवात केली.

कातडी कमावण्यासाठी दक्षिणेत तरवडाची साल वापरत. सह्याद्रीच्या जंगलात आदिवासी कुटुंबं गोळा करत असलेला हिरडाही मुंबईहून परदेशी टॅनरींकडे जात होता. मुंबईत धारावी हे कातडी कमावण्याचं मोठं केंद्र होतं. फ्लँडर्सच्या खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाच्या बुटात भारतातलं कातडं, झाडाची साल आणि मजुरांचे हात असे सगळे होते.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य साधारण दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलं. कानपूर हे लष्करी बूट आणि खोगिरांचं मुख्य केंद्र होतं. कूपर ॲलन ही तिथली मोठी कंपनी आणि सरकारी खोगीर कारखाना दोन्ही लष्करासाठी काम करत होते.

युद्ध संपल्यावर काय झालं?

अमेरिकेत बुटांचं रेशनिंग ३० ऑक्टोबर १९४५ला उठलं. ब्रिटनमध्ये कपड्यांची कुपनं १५ मार्च १९४९पर्यंत चालू होती, म्हणजे युद्ध संपल्यानंतरही साडेतीन वर्षांहून जास्त.

सोलच्या बाबतीत मात्र जुने दिवस परत आले नाहीत. रबराच्या टंचाईमुळे अमेरिकेने कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले होते. १९४५पर्यंत तिथे महिन्याला सुमारे ७० हजार टन कृत्रिम रबर तयार होत होतं. युद्धानंतर हे तंत्रज्ञान सोलकडे वळलं. स्वस्त, पाणी न शोषणारे कृत्रिम सोल आले आणि चामड्याचा सोल हळूहळू महागड्या बुटांपुरता उरला.

याचा परिणाम दुरुस्तीवरही झाला. शिवलेला चामडी सोल उसवून नवा लावता येतो. साच्यात ओतून वरच्या भागाला कायमचा चिकटवलेला सोल सहसा बदलता येत नाही. आज रस्त्याकडेला आरी आणि रापी घेऊन बसणाऱ्या गटई कामगाराकडे असे बूट नेले, तर तो कडेने टाके घालतो किंवा सोल्युशन लावून देतो. सोल बदलून देणं त्याच्या हातात राहिलेलं नाही.

ही टंचाई फक्त इतिहासातली आहे का?

नाही. ऑक्टोबर २०२३नंतर गाझा पट्टीत हेच चित्र पुन्हा दिसलं. सतत विस्थापित होणारी कुटुंबं ढिगाऱ्यांतून मैलोन् मैल चालत होती. नवीन बूट-चपला आत येणं जवळपास थांबलं आणि उरलेल्यांच्या किमती अनेक पटींनी वाढल्या. चप्पल शिवणाऱ्यांसमोर रांगा लागल्या, पण त्यांच्याकडे दोरा, सोल आणि चिकटवायचं सामान अपुरं होतं. काहींनी लाकडी फळ्या कापून, त्यावर पट्टी ठोकून मुलांसाठी चपला केल्या. अनेक मुलं अनवाणीच राहिली.

थोडक्यात

- युद्धात नव्या बुटांइतकीच त्यांच्या दुरुस्तीच्या सामानाचीही टंचाई होते, कारण चामडं, रबर, दोरा आणि लोखंड या चारही गोष्टी लष्कराला लागतात.
- सोलचं चामडं कमवायला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा पुरवठा लगेच वाढत नाही.
- इंधन आणि टायर कमी झाले, की लोक जास्त चालतात आणि बूट आणखी लवकर झिजतात.
- ‘जुनं दुरुस्त करून वापरा’ हा सल्ला ज्यांच्याकडे आधीच जास्त जोड होते त्यांना सोपा गेला. एकच जोड असलेल्यांना आणि वाढत्या वयाच्या मुलांना त्याचा उपयोग सगळ्यात कमी झाला.